व्हाळाच्या मधोमध रेषा

मुलांनो, हातातलं जे काही असेल ते क्षणभर बाजूला ठेवा आणि माझ्याबरोबर एक वाडी डोळ्यांसमोर आणा.

वाडी फार मोठी नाही. माड, फणस, थोडे काजू, त्यांच्यामध्ये विखुरलेली घरं. काही कौलारू, काही अलीकडची स्लॅबची. वाडीच्या बरोबर मधून एक व्हाळ वाहतो. व्हाळ म्हणजे आपला ओढा. वर सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाटीच्या, कातळावरून तो उतरतो आणि खाली खाडीला मिळतो. व्हाळाच्या बाजाराकडच्या काठाला सगळे अलतड म्हणतात आणि सड्याकडच्या काठाला पलतड. दोन्ही मिळून उंडीलवाडी. आडबंदर नावाच्या छोट्या शहराच्या टोकाला ती आहे. पूर्वी तिथे ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे.

दिसली वाडी? आता दिवाळीनंतरचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा. पाऊस संपलेला, व्हाळ अजून वाहतोय, पण रोज थोडा बारीक होतोय. हे पाणी असंच खाडीत जाऊ दिलं, तर शिमग्याच्या आधीच वाडीतल्या विहिरी तळ दाखवतात. म्हणून त्या दिवसांत अख्खी वाडी व्हाळात उतरते आणि बांध घालते. दगड मिळतो पलतडीला, कातळाच्या बाजूला. चिकट माती मिळते अलतडीला, भाताच्या कुणग्यांत, म्हणजे लहान खाचरांत. नुसत्या दगडांचा बांध पाणी अडवत नाही आणि नुसत्या मातीचा टिकत नाही. त्यामुळे पलतडीचे दगड घेऊन येतात, अलतडीचे माती, आणि दोघांची गाठ पाण्यात पडते. बांध भरला की दोन्ही काठांच्या विहिरींना मे महिन्यापर्यंत पाणी राहतं.

बांधाआधी राखणदाराला, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. तुमच्या गावातही तुम्ही ते ऐकलं असेल. एक वयस्क माणूस सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीचे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" उंडीलवाडीत हे काम भिकाजीआजोंचं. त्यांची नात किशोरी तेव्हा सातवीत होती. तिचं घर अलतडीला, आणि तिच्या घरामागची विहीर वाडीतली सगळ्यात उथळ. एका वर्षी बांध मध्येच फुटला होता, तेव्हा सगळ्यात आधी आटली ती हीच. शाळेतून येऊन टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभं राहणं म्हणजे काय, हे किशोरीला माहीत होतं.

एके दिवशी जितेंद्र नगरपंचायतीच्या फलकावरच्या नकाशाचा फोटो मोबाइलवर काढून घेऊन आला. जितेंद्र वाडीतलाच, सहा आसनी रिक्षा चालवतो. शहराचे नवे प्रभाग कसे असतील त्याचा तो कच्चा नकाशा होता. त्यात एक निळी रेषा सड्यावरून निघून थेट व्हाळातून खाली गेली होती. अलतड सहाव्या प्रभागात, बाजाराबरोबर. पलतड सातव्यात, सड्यावरच्या नव्या कॉलनीबरोबर.

प्रभाग म्हणजे काय, ते आधी सांगतो. तीन करवंट्या घ्या आणि मूठभर काजूच्या बिया. प्रत्येक करवंटीत साधारण सारख्या बिया हव्यात, हा पहिला नियम. कारण प्रत्येक करवंटीतून एकच नगरसेवक निवडून जायचा असतो. एका करवंटीत खूप बिया आणि दुसरीत थोड्या, असं झालं तर थोड्यांच्या मताला उगाच जास्त वजन येईल. पण माणसं काही बियांसारखी गप्प बसत नाहीत. कोणी मुंबईला जातं, कोणी घर बांधून परत येतं, एखाद्या सड्यावर कॉलनी उभी राहते. मग एक करवंटी भरून वाहायला लागते आणि रेषा पुन्हा आखाव्या लागतात. यात वाईट काही नाही.

आता त्याच बियांतल्या एका झाडाच्या बियांना खडूने ठिपका लावा. ही आपली वाडी. ठिपक्याच्या सगळ्या बिया एकाच करवंटीत असतील, तर त्या तिथे निम्म्या तरी भरतात. नगरसेवक कोणीही होवो, त्याला त्यांचं ऐकावं लागतं. उंडीलवाडीचं आजवर तसंच होतं. बांधाआधी व्हाळातला गाळ काढायला नगरपंचायतीचं यंत्र यायचं, मातीसाठी पोती यायची. पण त्याच ठिपक्याच्या बिया दोन करवंट्यांत निम्म्या निम्म्या टाका. दोन्हीकडे त्या जेवणातल्या मिठाएवढ्या उरतात. बिया तेवढ्याच, नुसती रेषा हलली.

त्याच संध्याकाळी सगळे देवळासमोरच्या मोकळ्या जागेत, मांडावर जमले. मोबाइल या हातातून त्या हातात फिरला.

पलतडीची नर्मदाकाकी चष्मा कपाळावर चढवून म्हणाली, "अरे जितू, ह्या रेषेत माझो गोठो खंय गेलो?"

"गोठो साताच्या प्रभागात, काकी. आणि तुझी म्हस दिवसभर चरता ती सहाच्या."

"आणि दूध खंयच्या प्रभागात धरतले?"

"ता सकाळी कोणाच्या दारात जाता तेच्यावर आसा," कोणीतरी मागून म्हणालं आणि सगळे हसले. हसणं मात्र लवकर ओसरलं.

जितेंद्र म्हणाला, "ऐका. हो नकाशो अजून कच्चो आसा. हरकत घेवक शुक्रवारपर्यंत मुदत आसा. साधो अर्ज लिवचो. मी प्रत्येक घरात कागद देतंय, प्रत्येकान आपलो आपलो लिवन सही करायची."

महादू गवंडी उभा राहिला. वाडीतली निम्मी घरं त्याच्या हातची, त्यामुळे त्याच्या बोलण्याला मान होता. "प्रत्येकान येगळो? कित्याक? उद्या ते म्हणतीत, ह्या वाडीत एकमत नाय, जो तो आपलाच सांगता. वाडीचो शब्द एक आसा, तर अर्जय एकच जावक व्हयो."

"पण महादूकाका, थंय मोजतत..."

"मोजूदेत! गाऱ्हाणां घालताना प्रत्येक जण येगळां घालता? मगे देवाक कळात तरी काय? भिकाजीआजो आमच्या तोंडान बोलतलो."

जितेंद्रने आणखी दोनदा सांगून पाहिलं. पण मुलांनो, लोकांना एखादी गोष्ट पिढ्यान् पिढ्या बरी वाटत आलेली असते, तेव्हा तिच्याविरुद्ध बोलणं फार अवघड जातं. आणि महादूचं बोलणं खोटंही नव्हतं. एकाने बोलायचं आणि सगळ्यांनी मागे उभं राहायचं, यावरच तर वाडी चालत आली होती. नर्मदाकाकीने मान डोलावली, मग बाकीच्यांनी. "व्हय," सगळे म्हणाले. भिकाजीआजोंनी अर्ज लिहून घेतला, खाली जपून सही केली आणि जितेंद्रने तो मुदतीत नेऊन दिला.

सुनावणी नगरपंचायतीच्या सभागृहात होती. जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक अधिकारी बाई आल्या होत्या. शाळेला सुट्टी होती म्हणून किशोरीही आजोबांबरोबर गेली. वाडीतले इतके लोक आले की जितेंद्रला रिक्षाच्या फेऱ्या कराव्या लागल्या.

आधी सड्यावरच्या कॉलनीची पाळी होती. कौस्तुभ नावाचा एक तरुण उठला. तो बँकेत नोकरीला होता, दोन वर्षांपूर्वी त्याने तिथे घर घेतलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, कच्च्या नकाशात आमची कॉलनी एकत्र आहे, ती तशीच राहू द्या. आमच्याकडे अजून पाण्याची लाइन नाही. तुकडे झाले तर ती कधीच येणार नाही." मग त्याची शेजारीण रश्मी उठली आणि जवळजवळ तेच बोलली. मग एक निवृत्त गृहस्थ, मग आणखी एक बाई. प्रत्येकाच्या नावाचा अर्ज, प्रत्येकाची सही.

किशोरी कंटाळली. आजोबांच्या कानाशी लागून म्हणाली, "आजो, सगळे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा कित्याक सांगतत?"

आजो दयेने म्हणाले, "तेंच्यात गाऱ्हाणां घालणारो कोण नाय गो, बिचाऱ्यांच्यात. जेचा तेका बोलूचा लागता."

"भिकाजी सोमा धुरी," शिपायाने पुकारलं.

आजो उठले. टोपी नीट केली. ऑफिसात शुद्ध मराठी बोलायचं, असं त्यांनी घरून ठरवून आणलं होतं. पण एवढी माणसं मागे उभी, समोर मोठं टेबल, टेबलामागे सरकार. त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"बा सरकारा म्हाराजा! आज ही जी काय उंडीलवाडीची लेकरां तुझ्या दारात उभी आसत..."

"व्हय म्हाराजा!" मागून सभागृह दणाणलं.

शिपाई धावत आला. बाजूच्या खोलीतला क्लार्क दारातून डोकावला. कॉलनीची मंडळी वळून बघू लागली. अधिकारी बाईंनी हसू आवरलं आणि शिपायाला हातानेच थांबवलं.

"...तेंची वाडी एक, तेंचो व्हाळ एक, तेंचो बांध एक. ता जर काय नकाशात मोडला आसात, तर ता सुधार, आणि हेंका एका जाग्यार ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाईंनी समोरची वही उघडली. मग म्हणाल्या, "आजोबा, बसून बोला. बांधाचं मला नीट सांगा."

आजोंनी सांगितलं. दगड कुठून, माती कुठून, पाणी कोणाला. बाई लिहून घेत होत्या. मग त्यांनी विचारलं, "उंडीलवाडीतून हरकत एवढी एकच आली आहे. बाकीच्या घरांचं म्हणणं काय आहे?"

"माझंच म्हणणं त्यांचं," आजो आता शुद्ध बोलू लागले.

"ते मला कसं कळावं?"

जितेंद्र पुढे आला. "मॅडम, हे काय सगळे इथे उभे आहेत. विचारा त्यांना."

"विचारलं असतं. पण मुदत संपली. ज्यांनी लेखी दिलं आहे त्यांचंच मला ऐकता येतं." बाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज मात्र चढवला नाही. "हे पाहा, ओढे, रस्ते यांवरून सीमा घ्यावी असा नियम आहे. आणि शक्यतो वस्ती तुटू नये, असाही नियम आहे. सहाव्यात आणखी माणसं मावत नाहीत. तुमची वाडी अख्खी सातव्यात घेतली तर तो प्रभाग फार मोठा होतो, मग कॉलनीचे दोन तुकडे करावे लागतात. कोणाची तरी वस्ती तुटणारच. अशा वेळी किती जणांना काय वाटतं, ते मला बघावं लागतं. त्यांच्याकडून एवढे अर्ज आहेत. तुमच्याकडून एक."

"पण मी म्हणजे वाडी, बाई."

"देवासमोर तुम्ही म्हणजे वाडी, आजोबा. ते मी खोटं म्हणत नाही. इथे तुम्ही म्हणजे तुम्ही, एक माणूस. या काकी एक, ते मागचे काका एक. इथे प्रत्येकाला आपलं आपलं बोलावं लागतं."

महादू गवंड्याने मान खाली घातली. परतीच्या रिक्षात नर्मदाकाकी म्हणाली, "बाय वायट नाय हां." आणि ते खरं होतं, म्हणून जास्तच लागलं.

काही आठवड्यांनी पक्का नकाशा लागला. रेषा व्हाळातच होती.

तुम्ही विचाराल, यात चूक कोणाची? कॉलनीवाल्यांची? त्यांच्याही मुलांना पाणी हवंच होतं. बाईंची? त्यांनी ऐकून घेतलं, समोर होतं त्याचा हिशेब केला. महादूची? तो वाडी एक ठेवायला निघाला होता. मी याचा पुष्कळ विचार केला आहे आणि कोणाला शिक्षा करावी असं मला अजून वाटलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही ठरवा, पण घाईने ठरवू नका.

पुढे निवडणूक झाली. सहाव्या प्रभागातून बाजारातला एक दुकानदार निवडून आला, सातव्यातून कॉलनीतल्या एक बाई. माणसं दोघंही बरी होती.

दिवाळी सरली. व्हाळ बारीक होऊ लागला. गाळ काढायच्या यंत्रासाठी अलतडीचे चार जण दुकानदाराकडे गेले. तो म्हणाला, "व्हाळ सातव्यात येतो ना?" पलतडीचे कॉलनीतल्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "मला वाटतं तो सहाव्यात धरलाय." दोघांचंही अर्धं बरोबर होतं. रेषा पाण्याच्या मधोमध होती.

"आता आमका दोन नगरसेवक," जितेंद्र म्हणाला, "म्हणजे अर्धो अर्धो."

खरं दुखणं मात्र यंत्राचं नव्हतं. यंत्र नसताना आजोंच्या तरुणपणी वाडीने हातांनी गाळ उपसलाच होता. पण आता माणसं निराळं बोलू लागली. अलतडीचे म्हणत, "कॉलनीत मोठे मोठे लोक आसत, पलतडीचे तेंच्या प्रभागात गेले. आधी तेणी काय ता करूदेत." पलतडीचे म्हणत, "बाजारवाल्यांचो नगरसेवक पैशेवालो. आमी दगड कित्याक व्हावूचे?" कोणी भांडलं नाही. नुसतं कोणी उठलं नाही. दरवर्षी बांधाची हाक भिकाजीआजो द्यायचे. या वर्षी तेही गप्प होते.

किशोरीच्या विहिरीत दोर रोज थोडा जास्त खाली जाऊ लागला. कळशी भरायला आईला लागणारा वेळ किशोरी बघत होती. एका रविवारी सकाळी ती आजोंजवळ जाऊन बसली. आजो अंगणात सुपाऱ्या उन्हात घालत होते.

"आजो, बांधाची हाक कधी देतलंस?"

"नाय देणंय."

"कित्याक?"

"माझ्या एका शब्दान वाडी फुटली. आता माझो शब्द कोण ऐकतलो?"

किशोरीने एक सुपारी उचलली, हातात फिरवली, परत ठेवली. सभागृहात ती त्यांच्या शेजारीच होती आणि बाई काय म्हणाल्या ते तिने लक्ष देऊन ऐकलं होतं.

"त्या मॅडमनी तुझो शब्द खोटो आसा असा नाय म्हटल्यानी, आजो. तो एकाचो आसा म्हणान सांगितल्यानी."

"मगे? ताच ना?"

"मगे बाकीच्यांचे शब्द खंय आसत?"

आजो सुपाऱ्या पसरता पसरता थांबले. "तेंचे तेंच्या घरात."

"कोणी विचारले?"

"असा कोण विचारता गो? आमी विचारूक नाय कधी. एकान बोलायचा आणि बाकीच्यांनी व्हय म्हणायचा, हीच आमची रीत. आणि समज, विचारल्यार कोण नको म्हणालो तर?"

"तर नको म्हणात," किशोरी म्हणाली. "पण तेचो तो म्हणात."

आजोंनी तिच्याकडे बघितलं. त्यांना ते पटलं की नाही, सांगता येत नाही. ते एवढंच म्हणाले, "नारळ घरात आसा. गाऱ्हाणां मी घालीन. पण घरोघर मी नाय जावचंय."

किशोरीने चपला घातल्या. आधी ती शेजारी गेली, महादू गवंड्याकडे. महादू आत कोयता घासत होता. तिने विचारलं, बांध व्हयो काय नको, आणि तो येणार की नाही. महादूने तिच्या मागे बघितलं, मोठं माणूस कोणी आलंय का म्हणून. कोणी नव्हतं. मग कोयता बाजूला ठेवून तो म्हणाला, "येतलंय. माझो शब्द म्हणान सांग."

मग ती व्हाळात उतरली. पाणी घोट्याच्या जरा वर होतं. पलीकडे चढून ती नर्मदाकाकीच्या घरी गेली. काकी लोट्यावर, म्हणजे पडवीत, बसून नारळाच्या झावळीचे हीर, केरसुणीच्या काड्या, काढत होती.

"काकी, बांध व्हयो काय नको?"

"माका काय विचारतंस गो? तुझ्या आजोक विचार."

"आजोक विचारलंय. आता तुका विचारतंय."

"मी काय सांगतलंय? सगळे म्हणतीत ता माझा."

"सगळ्यांका विचारूक मी जातलंयच. आधी तुझा सांग."

काकीने तिच्याकडे बघितलं, मग व्हाळाकडे, मग पुन्हा हातातल्या झावळीकडे. तिने आणखी एक हीर ओढून काढला.

किशोरीने चपला पायरीखाली काढून ठेवल्या. काकीच्या शेजारी लोट्यावर बसली, दुसरी एक झावळ ओढून घेतली, आणि काकीचं उत्तर येईपर्यंत हीर काढत राहिली.